अर्धी सुई

४ जून

सुतळीस आशीर्वाद.

रागावू नकोस. रागावलीस तरी माझं काही बिघडत नाही. पत्र पोचायला सहा दिवस लागतात, आणि सहा दिवसांत कसलाही राग शिळा होतो.

मार्चमध्ये माझ्या डाव्या छातीतून गाठ काढली. कॅन्सरची. वाटाण्याहून मोठी, लिंबाहून लहान. तुला कळवलं तर तिच्या घरचं पाणी पिणार नाही, असं तुझ्या मावशीला मीच बजावलं होतं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण या वेळी भिजला. मला तर वाटलं तिलाच काही झालं की काय.

आता कळवते ते तुझी आठवण येते म्हणून नव्हे. काम आहे.

टाके बरे पडलेत. मी घातले असते तर आणखी जवळजवळ घातले असते. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता किरणं घ्यायची, पंचवीस वेळा. मी म्हटलं, गाठ तर तुम्ही बाटलीत घालून नेलीत, मग किरणं कोणावर, माझ्यावर? त्या हसल्या. हसणं हे काही उत्तर नव्हे.

काल मला एका मोठ्या कड्यातून आत-बाहेर नेलं. श्वास घ्या, धरा, सोडा. मग अंगावर तीन फुल्या काढल्या. एक मधोमध, दोन कुशींना. जांभळ्या शाईच्या. रेघा इतक्या वाकड्या की माझ्या हाताखालच्या पोरीनं अशी खूण केली असती तर तिच्या बोटांवर पट्टी बसली असती. पुसायच्या नाहीत म्हणे. आणि अंगात घालायला दिला तो झगा! बंद पाठीमागे. स्वतःचा स्वतःला बांधता येत नाही तो कपडा नव्हे, शिक्षा आहे.

तू दहा वर्षं तिकडे इस्पितळात बसून चित्रांवर रेघा मारतेस. मी लोकांना सांगते, नात माझी आखणी करते. कसली आखणी ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. आता विचारते. बेतायच्या आधी माप घेतात ते मला समजतं. कापून झाल्यावर माप कशाला?

लिहून कळव. फोनचं नाव काढू नकोस. त्यात मला तुझ्याऐवजी भुंगा ऐकू येतो.

तुझी आजी


११ जून

आजी, नमस्कार.

राग शिळा झालेला नाही. ताजा आहे, गरम आहे. मावशीला मी काय काय बोलले ते ती तुला सांगणार नाही, कारण तुला सांगायचं नाही असं मीही तिला बजावलंय.

तुझं पत्र मी कामावरच फोडलं. समोर पडद्यावर कुणा अनोळखी बाईची छाती होती आणि मी तिच्या हृदयाभोवती रेघ ओढत होते. पत्र वाचलं आणि हात थांबला. शेजारच्या टेबलावरच्या बाईला म्हटलं, ही तेवढी तू पुरी कर.

आता तुझं उत्तर. गाठ काढली तरी तिच्या आसपास डोळ्यांना न दिसणारं काही मागे राहिलेलं असू शकतं. त्यासाठी किरणं. ती नेमकी कुठे सोडायची ते बाहेरून कळत नाही, म्हणून त्या कड्यातून तुझी चित्रं घेतली. तुझे शेकडो पातळ काप केलेत असं समज. कांद्याच्या चकत्यांसारखे, फक्त सुरी न लावता. माझ्यासारखी कुणीतरी बाई तिथे बसून प्रत्येक चकतीवर रेघ ओढते. गाठ होती ती जागा. तिच्याभोवती थोडी जास्तीची, कारण माणूस हलतं, सुजतं, रोड होतं. तू शिलाईला माया सोडतेस तशी. मग फुप्फुसाची रेघ. मग हृदयाची.

हृदय डाव्या बाजूला फासळ्यांच्या अगदी मागे असतं. किरणं तिथून तिरकी जातात. पण तू छाती भरून श्वास घेतलास की हृदय खाली आणि मागे सरकतं. बोटभरच. त्या बोटभर वाटेतून किरणं जातात आणि हृदयाला धक्का लागत नाही. दोन वर्षांपूर्वी तुझं हृदय एकदा बंद पडायला आलं होतं, ते तू विसरलीस तरी मी विसरलेले नाही. म्हणून तो श्वास नीट धर आणि त्या फुल्यांना हात लावू नकोस. सगळं त्या बोटभर जागेवर आहे.

मला तुझी चित्रं बघू दे. तू एका कागदावर सही केलीस की तुझं इस्पितळ मला पाठवेल. दुसऱ्या कुणी ओढलेली रेघ मी एकदा बघेन, एवढंच.

काल झोप येईना तेव्हा तुझा तो खेळ आठवला. टाचण्या वेचायचं तुझं लोहचुंबक घेऊन तू माझ्या पाठीवरून, पोटावरून, पायांवरून हळूहळू फिरवायचीस. थंडगार लागायचं. मी किती मोठी होईपर्यंत फिरवायचीस! तू कधी कुरवाळलं नाहीस आजी, पण ते चुंबक आठवलं की मला अजून झोप लागते.

तुझी सुतळी


१९ जून

सुतळीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. कांद्याच्या चकत्या समजल्या. माया समजली. त्यांनी किती सोडली ते विचारलं तर मशीनवाली म्हणाली, कुठे अर्ध्या बोटाची, कुठे त्याहून कमी. मी म्हटलं, कंजूष आहात.

मशीनवाली म्हणजे मला रोज आडवी करते ती. दांडगी बाई आहे, हात मात्र हलका. मला ऐकू येत नाही म्हणून डोळ्यांपुढे एक लहान पडदा लावून देते. त्यावर एक निळी पट्टी. मी श्वास घेतला की ती वर जाते आणि हिरव्या चौकटीत बसते. तिथे वीस आकडे धरून ठेवायची. बसली की किरणं चालू, घसरली की बंद.

आधी रोज फोटो. यंत्राला दोन हात फुटतात, ते माझ्याभोवती एक फेरी मारतात. पहिल्या दिवशीच्या चित्रावर आजचं चित्र ठेवतात. ते जांभळं, हे हिरवं. हाडावर हाड बसलं की दोन्ही रंग जातात आणि नुसतं करडं उरतं. चौकडीच्या कापडाचे दोन तुकडे जोडताना रेघेला रेघ भेटली की जोड दिसेनासा होतो, तसंच. हे मला एका दिवसात कळलं. तुम्हाला शिकायला वर्षं लागली म्हणे.

मग सगळे जाड दाराबाहेर पळतात आणि खोलीत मी एकटी उरते. यंत्राचं मोठं पांढरं डोकं तळ्यात डुंबणाऱ्या म्हशीसारखं सावकाश फिरतं. आवाज असेल तर तो माझ्यासाठी नाही. छतावर आभाळाचं चित्र चिकटवलंय. एका ढगाचा कोपरा सुटलाय, तो हलतो. मी श्वास धरते. सातापर्यंत मी खोलीत असते. सातानंतर तो कोपरा उचलला जातो आणि मी त्याखालून आत जाते. आत आपली जुनी कामाची खोली. वरपासून खालपर्यंत पांढरं कापड टांगलेलं, एक टाका घातलेला नाही, वारा नसून हलतंय. मला स्वच्छ ऐकू येतं, पण ऐकायला काही नसतं. बेतायच्या टेबलावर एक गाठोडं ठेवलेलं असतं. ते हलतं. मी जवळ जात नाही. तेवढ्यात वीस होतात.

झोप नव्हे ही. झोपेत मी घोरते.

तुला चित्रं दाखवणार नाही. माझ्या आत डोकावायची गरज नाही. बाहेरून बघितलंस तेवढं पुष्कळ. इथली रेघावाली आहे, तिचं ती बघेल.

आणखी एक, उगाच. मशीनवालीनं चित्रात एक पांढरा ठिपका दाखवला. डाव्या बाजूला, दोन फासळ्यांच्या मधल्या मांसात, खोल. आधीच्या फोटोंत कुणाच्या नजरेला पडला नव्हता. म्हणाली, आजी, हे धातूचं आहे, सुईसारखं, काय हो? म्हटलं, शिवणारणीच्या अंगात सुई नाही सापडणार तर काय मोती सापडेल? हातशिलाई करताना कधीतरी मोडली असेल. काढायची गरज नाही म्हणतात. उलट बरंच झालं, रोज जुळवताना हाडांबरोबर तीही बघतात. फुकटची खूण.

तिसऱ्या वेळचं झालं. बावीस राहिल्या.

तुझी आजी


२६ जून

आजी, नमस्कार.

हातशिलाई करताना सुई बोटात जाते. छातीत, फासळ्यांच्या मधे जात नाही. मी तुझ्याच हाताखाली वाढले, मला हे सांगू नकोस.

तू नाही म्हणालीस म्हणून मी कागद मागवला नाही. पण मला लागलं. दिवसभर मी परक्या माणसांच्या आत बघते. कुणाचं फुप्फुस काळवंडलेलं, कुणाचा मणका झिजलेला. घरच्यांनाही माहीत नसतं ते मला माहीत असतं. आणि माझ्या स्वतःच्या माणसाला मी बाहेरची.

लिहू नये, पण लिहिते. मावशी फोनवर म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस, तुझी आजी पहिल्यापासून अशीच आहे. आई गेल्यावर तुला घरी आणलं तेव्हा तू अकरा दिवसांची होतीस, तर महिनाभर हिनं तुला उचललं नाही, सगळं मीच केलं. आजी, हे मला सात-आठ वर्षांची असल्यापासून माहीत आहे. मावशीनं कुणाला तरी सांगताना मी दाराआडून ऐकलं होतं. कधी विचारलं नाही. तुझी लेक गेली आणि बदल्यात मी आले, मग तुला मी नकोशी वाटले असेन, तर त्यात चूक काय, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

असो. उकाडा आहे, घाम येईल. फुल्या फिकट झाल्या तर इस्पितळात सांग. अंग घासू नकोस.

ते गाठोडं काय आहे?

तुझी सुतळी


३ जुलै

सुतळीस आशीर्वाद.

सुई बोटातून गेली नाही, बरोबर. एकदा सुयांच्या डबीवर पडले होते. झालं समाधान?

गाठोड्याचं काय, गाठोडं आहे. स्वप्नातल्या सामानाची यादी ठेवत नाही मी.

मावशीनं तुला न्हाऊ घातलं ते खरं आहे. तिला अजून त्याचं कौतुक आहे तर असू दे.

इकडे यंत्र बिघडलं. आज मला आडवी केली, फोटो काढला, उठवली, पुन्हा आडवी केली, पुन्हा फोटो. मग मशीनवाली आत आली, माझ्याकडे बघत राहिली, बाहेर गेली. डॉक्टरीणबाई आल्या. मला काही ऐकू येत नव्हतं आणि त्या माझ्याकडे तोंड करून बोलत नव्हत्या. शेवटी किरणं न देताच घरी पाठवली. उद्या या म्हणाल्या. एवढं मोठं यंत्र, पण माझ्या पायाच्या शिलाई मशीनइतका भरवसा नाही. ते चाळीस वर्षांत दोनदा बंद पडलं, आणि दोन्ही वेळा मावशीनं हात लावला म्हणून.

बाकी बरं आहे. तुझ्या फुल्यांची काळजी सोड. घामानं पार पुसट झाल्या होत्या. काल आरशासमोर उभी राहून मी त्या नीट काढल्या. पक्क्या पेन्सिलीनं, पट्टी लावून. आता कशा सरळ आहेत, बघत राहावं. तुझ्या इस्पितळातही अशी फुली कुणाला जमणार नाही.

झग्यांचे बंदही लावून दिले. आठ झगे. आता पुढून बांधता येतात. ढगाचा कोपरा मात्र तसाच आहे. शिडी द्या म्हटलं तर देत नाहीत.

तुझी आजी


९ जुलै

आजी,

तुझं पत्र आत्ता, या घडीला हातात पडलं. यंत्र बिघडलेलं नाही!

तू उभी राहून खुणा काढल्यास. उभं राहिलं की छातीचं आणि कुशीचं सगळं मांस खाली उतरतं. आडवं झालं की ते बाजूला आणि वर पसरतं. कातडीवरची खूण कातडीबरोबर जाते. तुझी सरळ फुली आडवं झाल्यावर भलत्याच जागी असणार. बोटभर वाटेची गोष्ट मी तुला लिहिली होती. दोन बोटं चुकलीस तर किरणं कुठे जातील ते मला लिहवत नाही.

मावशीला फोन केला. ती म्हणते, आजीनं काही सांगू नको म्हणून बजावलंय. म्हणजे काहीतरी झालंय. काय झालंय? फोटो आधी काढतात म्हणून मला थोडी आशा आहे. पण मधे सहा दिवस गेलेत, आणि हे पत्र पोचेपर्यंत आणखी सहा जातील. तोवर मी इथे बसून दुसऱ्यांची हृदयं रेखाटत राहणार.

खरं लिही. एकदा तरी.

सुतळी


१५ जुलै

सुतळीस आशीर्वाद.

जिवंत आहे. हृदयही आहे त्या जागी आहे. आधी पाणी पी, मग पुढे वाच.

चार तारखेला गेले तर खोलीत चौघं. मला झोपवली, खुणांवर लाल उजेडाच्या रेघा लावल्या, फोटो काढला. मग मशीनवालीनं तो पडदा माझ्याकडे वळवला. जांभळ्यावर हिरवं काही केल्या बसेना. फासळ्या दोन-दोन दिसत होत्या, पाण्यात बघावं तशा. आणि ती सुई. जांभळी एकीकडे, हिरवी दुसरीकडे, मधे चांगली दोन बोटं. रंग पुसला जात नव्हता. मी तशीच बघत राहिले.

डॉक्टरीणबाईंना वाटलं माझं अंग बदललं, सूज आली, आत पाणी झालं. पुन्हा त्या कड्यातून नेऊन सगळी आखणी नव्यानं करायचं चाललं होतं. मी गप्प. मला ऐकू येत नाही ते अशा वेळी सोयीचं असतं.

तेवढ्यात मशीनवाली माझ्या कुशीवर वाकली आणि बोटानं फुली चाचपली. म्हणाली, अगदी माझ्या तोंडासमोर तोंड आणून, "आजी, या फुलीला शेपूट कुणी लावलं?"

माझी सवय आहे ना. कापडावर खूण केली की टोकाला बारीकशी शेपटी काढते. नाहीतर डाग कुठला आणि खूण कुठली ते कळत नाही. पन्नास वर्षांचा हात, त्याला काय ठाऊक खाली कापड आहे की कातडं.

म्हटलं, "मी लावलं. तुमच्या रेघा बघवत नव्हत्या."

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. मशीनवाली मात्र अशी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग उठली आणि एकदम रागावली. "आजी, फोटो न काढता मी खुणांवर भरवसा ठेवला असता तर काय झालं असतं माहीत आहे? पडद्यावर बघा, किरणं कुठून गेली असती." बोटानं वाट दाखवली. वाट सरळ हृदयाच्या पोटातून जात होती. चित्रात ते काही फार मोठं नाही ग. मुठीएवढं, करडं, एका बाजूला कलंडलेलं. बघून मला वाटलं, एवढंसं, आणि याच्यासाठी एवढी माणसं धावतायत.

तर चूक माझी. लिहून देते. उभं माप आणि आडवं माप एक नसतं हे मला कळायला हवं होतं. बसून घेतलेली पँटची मापं मी कित्येकांच्या तोंडावर फेकली आहेत.

तीन दिवस वाया गेले. पुन्हा चित्रं काढली, पुन्हा खुणा केल्या. या वेळी शाईच्या नाहीत, सुईनं टोचून तीन ठिपके, तिळाएवढे. मशीनवाली म्हणाली, आता शेपूट लावून दाखवा. मी म्हटलं, टोचलंस बरं, हात चांगला आहे तुझा.

आता रोज ती आधी माझी सुई जुळवते. सुईवर सुई बसली, करडी झाली, की अंगठा दाखवते आणि बाहेर पळते. मी श्वास धरते. हल्ली तीन आकड्यांतच ढगाखालून आत जाते. पांढरं कापड, हलणारं. काल मी टेबलाजवळ गेले. गाठोड्याला हात लावला नाही. नुसती उभी राहिले. वीस झाले तरी श्वास सोडायचं विसरले. पडद्यावर लाल दिवा लागला तेव्हा आठवलं.

अठरा झाल्या. सात राहिल्या.

तुझी आजी


२१ जुलै

आजी, नमस्कार.

पाणी प्यायले. मग पत्र घेऊन जिन्यात जाऊन बसले आणि हसले आणि रडले, दोन्ही एकदम. मग जाऊन शेजारच्या बाईला शेपटीची गोष्ट सांगितली. आता आमच्याकडे सगळे विचारतात, फुलीला शेपूट आहे का.

तुझ्या मशीनवालीला माझा नमस्कार सांग. तिचे पाय धरायला हवेत. त्या एका फोटोनं तुला वाचवलं. त्या फोटोनं आणि त्या सुईनं. हाडं हलली की अंग वाकडं झालं ते डोळ्यांना कळायला वेळ लागतो. सुई मात्र कधी वाकडं सांगत नाही.

म्हणूनच पुन्हा विचारते. कुठून आली ती? हातशिलाई झाली, डबी झाली. आता तिसरं काही रचू नकोस. तू मशीनवालीला आपलं अंग दाखवतेस, माझ्यापासून लपवतेस. मला चित्रं नको दाखवूस. पण ज्या सुईमुळे माझी आजी राहिली, ती कशी गेली ते विचारायचा मला हक्क आहे.

पोचेल तोवर तुझं सगळं झालेलं असेल.

तुझी सुतळी


२८ जुलै

सुतळीस आशीर्वाद.

संपलं. पंचवीस. शेवटच्या दिवशी मशीनवालीनं शिडी आणली आणि मला खालून धरायला लावून स्वतः ढगाचा कोपरा चिकटवला. म्हणाली, आता मागे लागू नका. चिकटला, पण थोडा तिरका.

कातडी भाजल्यासारखी झाली आहे. मावशी मलम लावते आणि बोलते. मलम चांगलं आहे.

आता तुझं. एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस.

तुझी आई गेली त्या आठवड्यात माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचं काम होतं. लोक म्हणाले, काम ठेव बाजूला. बाजूला ठेवून काय करायचं होतं? बसून राहायचं? मी शिवत राहिले. हातशिलाईची सुई दोऱ्यासकट छातीशी कपड्याला टोचून ठेवायची माझी सवय होती. सगळ्या शिवणारणींची असते. मावशी तुला इस्पितळातून घेऊन आली. आल्याबरोबर तिनं तुला माझ्या हातात दिलं. तू रडत होतीस. लाल, सुरकुतलेली, एवढीशी. मी तुला घट्ट धरलं. अगदी घट्ट, जेवढी ताकद होती तेवढी.

टच्‌कन काहीतरी टोचलं. तू किंचाळलीस. तुझ्या दुपट्यावर रक्ताचा थेंब. मी बघितलं तर कपड्याला अर्धी सुई. नेढं होतं, दोरा होता. टोक नव्हतं.

मी तुला टेबलावर ठेवलं, बेतायच्या, कापडाच्या गाठोड्यात. उघडी केली, इंचाइंचानं तपासली. छातीवर एक लाल ओरखडा. सुई नाही. जमिनीवर नाही, कपड्यात नाही, दुपट्यात नाही. मावशी स्वयंपाकघरात होती. तिला सांगितलं नाही. काय सांगणार? लेक गेली त्याच आठवड्यात तिच्या पोरीत मी सुई मोडली? मला टोचलं होतं, पण तेव्हा मला कुठे काय टोचतंय ते कळत नव्हतं. सगळीकडेच टोचत होतं. डॉक्टरला दाखवली, म्हटलं, फार रडते. त्यानं दाबून बघितलं, म्हणाला, भूक लागली असेल. सुईचं नाव काढायला माझी जीभ उचलली नाही.

म्हणून महिनाभर उचललं नाही तुला. माझ्या हातांची मला भीती वाटत होती. मग मनगटाला बांधायची गादी केली सुयांसाठी, आणि तेव्हापासून छातीशी एक टाचणीही लावली नाही. मग उचललं.

सात वर्षांची असताना तुला खोकला झाला, छातीचा फोटो काढला. फोटोवाल्याला मी म्हटलं, आत काही चमकतंय का बघा. तो म्हणाला, साफ आहे. मला वाटलं, छातीत नाही म्हणजे पोटात असेल. सुई अंगात फिरते असं मी ऐकलं होतं. पोटात नाही तर मांडीत. तुला ठेच लागली, पोट दुखलं, कंबर धरली की मला वाटायचं, आली. म्हणून ते लोहचुंबक. खेळ नव्हता तो. रोज वाटायचं, आज कुठेतरी ओढ लागेल. कधी लागली नाही. तू झोपून जायचीस, मी फिरवत बसायची.

तुला तिकडे पाठवलं तेव्हा सगळ्यात मोठी काळजी हीच होती की आता चुंबक कोण फिरवणार.

आणि मग मशीनवालीनं पडद्यावर ठिपका दाखवला. म्हणाली, पुढचं टोक आहे, नेढं दिसत नाही. मी तिला तीनदा विचारलं, ही माझ्यातच आहे ना? ती म्हणाली, आजी, तुमचीच फासळी, तुमचंच मांस, दुसरं कुणी यात झोपलंय का? मी म्हटलं, पुन्हा दाखव. तिनं पुन्हा दाखवली. तिला वाटलं म्हातारी घाबरली. मग सगळे बाहेर गेले, मी श्वास धरला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला ती खोली दिसली.

तुला कळवायला हवं होतं तेव्हाच. पण कळवायचं म्हणजे बत्तीस वर्षांपूर्वीचंही कळवायचं. म्हणून हातशिलाई, म्हणून डबी.

शेवटच्या दिवशी सुईवर सुई बसली. दोन्ही रंग गेले. निळी पट्टी चौकटीत बसली. मी पाचालाच आत होते. कापड हलत होतं. मी टेबलाजवळ गेले आणि गाठोडं उचललं. छातीशी काही टोचलेलं नव्हतं, आधी हात फिरवून बघितलं. वजन काहीच नव्हतं. घट्ट धरलं. मशीनवाली म्हणते त्या दिवशी मी एकतीस आकडे धरले, आणि पट्टी केसाइतकीही हलली नाही.

सही केली आहे. कागद सोबत आहे. मागव आणि बघ. ती डाव्या बाजूला आहे, शोधायला लागणार नाही.

लोहचुंबक मावशीला देऊन टाकलं. तिच्या टाचण्या फार सांडतात.

तुझी आजी